पासवर नसलेलं स्टेशन

चांगदेवरावांनी आयुष्यात किती लाख किलोमीटर प्रवास केला, हे त्यांनाही सांगता येणार नाही. पण ते उतरले कुठे कुठे, असं विचारलंत तर एका हाताची बोटं पुरतात आणि अंगठा शिल्लक राहतो.

चौतीस वर्षं ते रेल्वेत डायव्हर होते. रेल्वे त्यांना लोको पायलट म्हणायची. पण दौंडमध्ये पायलट म्हटलं की लोकांना मंत्र्याच्या पुढं धावणारी जीप आठवते, तेव्हा गावात ते डायव्हरच. सोलापूरला शेकडो वेळा गेले, मनमाडला तितक्याच वेळा. तिथं पाहिलं काय? तर रनिंग रूम. म्हणजे गाडी पोचवून आलेल्या डायव्हर-गार्डांनी परगावी पाठ टेकायची रेल्वेची खोली. सोलापूरची चादर प्रसिद्ध आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, कारण ती त्यांनी अंगावर घेतली होती. बाकीचं सोलापूर खिडकीबाहेर असावं असा त्यांचा अंदाज.

इंजिनात एक रीत असते. सिग्नल दिसला की डायव्हरनं हात उंचावून मोठ्यानं सांगायचं, "होम सिग्नल हिरवा!" आणि असिस्टंटनं तसाच हात करून तेच परत म्हणायचं. दोघांचं एक झालं की गाडी पुढं. आता चौतीस वर्षांची सवय काय, निरोपसमारंभात नारळ घेऊन परत करता येते? अजूनही रुळांखालून जाणाऱ्या अरुंद कुरकुंभ मोरीच्या तोंडाशी स्कूटर आली की चांगदेवराव हात पुढं करून ओरडतात, "मोरी मोकळी!" मागं बसलेल्या राजश्रीताईंनी "मोरी मोकळी!" म्हटल्याशिवाय स्कूटर हलत नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात. हॉर्नवर गाडी हलवायची नसते, सिग्नलवर हलवायची असते, असं चांगदेवरावांचं मत आहे. घरातही "दूध पिवळा!" अशी आरोळी ऐकू आली तर आम्ही शेजारी समजतो की दूध वर येतंय. "लाल!" ऐकू आलं की ते गेलं. गॅस बंद करायला मात्र असिस्टंटच लागतो.

त्यांच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आहे, शेजारी बुद्धाची मूर्ती, आणि त्याखाली रेल्वेचं एक प्रमाणपत्र. सबंध नोकरीत एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही, याचं. आल्यागेल्याला आधी पाणी, मग ते प्रमाणपत्र. वडील खुटबावला गँगमन होते, रुळांवर हातोडा घेऊन चालणारे. त्यांच्या पोराच्या हाताखालून त्याच रुळांवरची गाडी गेली आणि एकदाही वाकडी गेली नाही, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही, पण वाचता येतं.

आता राजश्रीताईंचं दुःख सांगतो, कारण गोष्ट खरी त्यांची आहे.

रेल्वेवाल्याच्या बायकोला फुकट पास असतो. लोकांना वाटतं, काय मजा! पण त्या पासवर कुठून कुठं, कोणत्या मार्गानं आणि मधे कुठं उतरणार, हे सगळं आधीच लिहून द्यावं लागतं. मधल्या उतरण्याला ब्रेक जर्नी म्हणतात. ती पासवर नसली की गोष्ट संपली. सत्त्याण्णव साली दोघं नागपूरला दीक्षाभूमीला निघाले होते. भुसावळच्या पुढं एका लहानशा स्टेशनावर गाडी बाजूला घेतली, मागची मेल पुढं काढायची होती म्हणून. फलाटाच्या टोकाला एक बाभूळ, आणि तिच्यावर सुगरणीचे खोपे. एक-दोन नव्हेत, झाडाला पानांपेक्षा खोपेच जास्त. खाली एक बाई चूल मांडून भाकरी थापत होती. राजश्रीताई म्हणाल्या, "अहो, उतरू की हितं. एक दिवस राहू. मागच्या गाडीनं जाऊ."

चांगदेवरावांनी खिशातला पास काढला, वाचला, आणि म्हणाले, "ब्रेक जर्नी अकोल्याची हाय. ह्या टेशनाची न्हाई."

झालं. मेल गेली, यांची गाडी हलली, खोपे मागं राहिले. त्याला आता पंचवीस-सत्तावीस वर्षं झाली. तरी घरात कशावरूनही वाद निघाला, भाजीच्या मिठावरून का असेना, तो शेवटी त्या बाभळीपाशी येऊन थांबतो. तिथं त्याला ब्रेक जर्नी आहे.

निवृत्तीनंतर लेकीनं, म्हणजे शितलनं, आईला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. युरोपातल्या एका देशात डोंगराडोंगरांतून लाल रंगाच्या छोट्या गाड्या घरंगळल्यासारख्या धावतात, प्रत्येक वाडीवर थांबतात. त्या देशाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथल्या वकिलातीत मराठी वाचणारं कुणी असलं, तर चांगदेवरावांच्या पुढच्या अर्जाला अडचण नको. राजश्रीताईंनी व्हिडिओ तीनदा पाहिला आणि म्हणाल्या, "हितं जायचं. चार महिने. आन् जिथं मन व्हईल तिथं उतरायचं."

चांगदेवरावांनी आधी एका टूर कंपनीचं पत्रक आणलं. नऊ दिवस, सहा देश. सकाळी साडेसहाला नाश्ता, सात दहाला बस. राजश्रीताईंनी ते वाचून खाली ठेवलं. "ह्यो बी पासच की हो," म्हणाल्या.

मग दोघं शिरूरला सुदर्शनकडं गेले. सुदर्शन मूळचा केंदूरचा, शेतकऱ्याचा मुलगा. स्टँडजवळ त्याचं व्हिसाचं ऑफिस आहे. रांजणगावच्या कारखान्यांतल्या इंजिनिअरांना परदेशी पाठवणं हा त्याचा धंदा. पाय मोकळे करायला जाणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यानं चहा मागवला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. पेन्शन आहे, पासपोर्ट आहेत, इन्शुरन्स होईल. "मामा, मेन इश्यू एकच. लाँग स्टे टुरिस्ट व्हिसाला अकोमोडेशनचं प्रूफ पायजे. चार महिने म्हंजी एकशे वीस मुक्काम. प्रत्येक मुक्काम कुठं, ते कागदावर दाखवायचं."

"कुठल्या गावात ते आमालाच ठाव न्हाई," राजश्रीताई म्हणाल्या. "गाडीत बसल्यावर कळंल."

"मामी, त्यांना आधी कळलं पायजे."

राजश्रीताईंनी चांगदेवरावांकडं पाहिलं. त्या नजरेत एक बाभूळ होती.

पण चांगदेवरावांच्या चेहऱ्यावर उलट तेज चढलं. कागदावर आखायचं काम म्हटलं की त्यांना घरी आल्यासारखं वाटतं. आठ दिवस ते खोलीत बसले. पट्टी, दोन रंगांची पेनं, नातवाचा भूगोलाचा नकाशा. डायव्हरांच्या पाळ्यांचा जो तक्ता असतो, ज्याला रेल्वेत लिंक म्हणतात, तशी त्यांनी त्या देशाची एकशे वीस दिवसांची लिंक तयार केली. ती घेऊन पुन्हा शिरूर.

सुदर्शननं तक्ता उलगडला. टेबल पुरेना, तेव्हा एक टोक राजश्रीताईंनी धरलं. गावांची नावं बरोबर होती. गाड्यांच्या वेळाही होत्या. शेवटचा रकाना मुक्कामाचा. त्यात वरपासून खालपर्यंत, एकशे वीस वेळा, सुवाच्य अक्षरात एकच शब्द होता: रनिंग रूम.

"मामा, हे काय?"

"जंक्शन हाय म्हंजी रनिंग रूम आसणारच. तिथले डायव्हर काय रुळावर झोपत्यात?"

"अहो, पण तुम्हाला कोण झोपू देईल तिथं?"

"का? डायव्हर न्हाई का मी?"

हे त्यांनी इतक्या साधेपणानं विचारलं, की सुदर्शनला हसताही येईना. जगातल्या कुठल्याही रुळावर आपली एक खाट आहे, असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला काय सांगणार? शेवटी त्यानं आवाज खाली आणून धंद्यातली युक्ती सांगितली. "मामा, सोपं करू. एकशे वीस दिवसांची हॉटेलं मी बुक करतो. कॅन्सल करता येणारी. व्हिसा हातात पडला की सगळी कॅन्सल. मग तुम्ही आन् मामी, कुठं बी उतरा. सगळे हेच करतात."

राजश्रीताई खुर्चीत पुढं सरकल्या. त्यांना तर हवं तेच मिळत होतं.

"म्हंजी कागदावर सोलापूर लिव्हायचं, आन् गाडी मनमाडला न्यायची," चांगदेवराव म्हणाले.

"तसं म्हणा."

"न्हाई जमायचं. लाल हाय तो."

"मामा, समोरून कोण गाडी येणारे तुमच्या अंगावर?"

"सिग्नल लाल कशापायी हाय ते डायव्हरनं इचारायचं नस्तं." आणि त्यांनी तक्त्याची घडी घालायला घेतली. "खरीच हॉटेलं बुक करा मग. एकशे वीस."

"नको," राजश्रीताई म्हणाल्या. एवढंच. चांगदेवराव घडी घालत होते तरी त्यांनी आपलं टोक सोडलं नव्हतं, ते आता सोडलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी स्कूटर इनामगावला थांबवायला लावली. ते त्यांचं माहेर. घोड नदीकाठी तिथं पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं आहेत, त्यांच्या लहानपणी पुण्याहून लोक येऊन ती खणायचे आणि त्यांचे वडील तिथं रोजानं पाट्या उचलायचे. शाळकरी राजश्री वडिलांची भाकरी घेऊन जायची, तेव्हा खड्ड्यात घरं दिसायची. तीन हजार वर्षांपूर्वीची, बुटकी, चुलीसकट. कडेला बसून त्या म्हणाल्या, "ही माणसं बी कुठनं तरी आली. नदी बघितली, म्हनली हितं बरं हाय, आन् ऱ्हायली. कुणी इचारलं का, बुकिंग कुठाय म्हनून?"

"तवा सिग्नल नव्हते."

"तुमच्यासारखा एक असता ना, तर इनामगाव वसलंच नस्तं." मग पदर झटकून उठल्या. "ऱ्हाऊ द्या आता. खोपे बी ऱ्हायलेच होते."

भांडून म्हणाल्या असत्या तर चांगदेवरावांनी सोसलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या. दौंडला पोचेपर्यंत मोरीच्या तोंडाशीसुद्धा कुणी काही ओरडलं नाही. स्कूटर नुसतीच आत गेली, हे मी स्वतः पाहिलं, आणि घरी येऊन बायकोला म्हटलं की शेजारी काहीतरी बिघडलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगदेवराव कोरे कागद घेऊन माझ्याकडे आले. मी बँकेत होतो, तेव्हा इंग्रजी अर्ज मला येतात असा गल्लीचा समज आहे. पत्र त्या देशातल्या चार जंक्शनांच्या स्टेशनमास्तरांना लिहायचं होतं. मजकूर त्यांनी सांगितला, मी फक्त भाषा बदलली. 'मी भारतीय रेल्वेचा निवृत्त डायव्हर. लाल सिग्नल कधी ओलांडलेला नाही, प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. माझ्या पत्नीला आपल्या देशात हवं तिथं उतरायचं आहे. आपल्या रनिंग रूममध्ये दोन खाटा मिळतील का? अंथरूण आम्ही आणू.' मी म्हटलं, "चांगदेवराव, अंथरुणाचं काढूया का?" ते म्हणाले, "का? खरंच आणनार हाय."

चार पत्रं रजिस्टर पोस्टानं गेली. मला वाटलं, गेली.

दीड महिन्यानं एकाचं उत्तर आलं. स्टेशनमास्तरचं नव्हे. स्टेशनमास्तरनं ते पत्र डायव्हरांच्या कँटीनच्या फळ्यावर टाचून ठेवलं होतं आणि तिथं कॉफी प्यायला येणाऱ्या पीटर नावाच्या एका म्हाताऱ्या निवृत्त डायव्हरनं ते वाचलं. त्यानं लिहिलं होतं: रनिंग रूममध्ये बाहेरच्यांना ठेवत नाहीत. पण माझ्या घराच्या माडीवर एक खोली आहे. माझी सासू तिच्यात राहायची. ती आता नाही, त्यामुळे खोली शांत आहे. चार महिन्यांसाठी रीतसर भाड्यानं घ्या, मी करार करून देतो. रोज तिथंच झोपलं पाहिजे असं काही नाही. स्टेशन खिडकीतून दिसतं. आणि ताजा कलम: तुमच्याकडंही सिग्नल दिसला की दोघं ओरडता का? माझी बायको मला या सवयीवरून वेडा म्हणते.

चांगदेवरावांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग एकदम उभे राहिले. "हेडक्वार्टर!"

"काय?"

"अहो, डायव्हर आठ दिवस बाहेर असला तरी त्याचं हेडक्वार्टर दौंडच आस्तं. सोलापूरला झोपला म्हनून सोलापूरचा होतो का? खोली खरी. करार खरा. एकशे वीस दिवस तीच. तिथनं बाहेर जायचं, जागा मिळंल तिथं एखादा मुक्काम करायचा, परत यायचं. ह्यात लाल कुठाय?"

लाल नव्हता. हिरवा होता की पिवळा, ते मात्र सांगता येत नव्हतं. सुदर्शन म्हणाला, "मामा, आयडिया भारी आहे. फक्त खोलीचा करार लावू. बाहेर मुक्काम करणार, ते लिहू नका. उगाच प्रश्न विचारतील."

"लिव्हायचं," चांगदेवराव म्हणाले.

"रिजेक्ट झाला तर?"

चांगदेवरावांनी राजश्रीताईंकडं पाहिलं. शेवटी जायचं-राहायचं होतं ते त्यांचं. त्यांनी थोडा विचार केला. "लिव्हा," त्या म्हणाल्या. "न्हाईतर तिथं उतरल्यावर बी ह्ये चारी दिशेला पोलीस बघत बसतील. मला एकटीलाच खोपे बघाय लागतील."

अर्ज गेला. सोबतच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: मुक्काम पीटर यांची माडी. तिथून अधूनमधून एक-दोन दिवस बाहेर. गावं ठरलेली नाहीत.

तीन आठवड्यांनी वकिलातीतून फोन आला. नेमके चांगदेवराव बाजारात. फोन राजश्रीताईंनी उचलला. पलीकडे हिंदी बोलणाऱ्या एक मॅडम होत्या. खोली घेतली आहे, तर मग बाहेर राहणार असं का लिहिलंय, असा त्यांचा प्रश्न. राजश्रीताईंचं हिंदी दौंडच्या फलाटावर शिकलेलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, वो कमरा हमारा दौंड है. आदमी दौंड से सोलापूर जाता है, वापस आता है. दौंड छोडता नहीं."

"लेकिन आप लोग उतरेंगे कहाँ?"

"वो अब्बी कैसे बोलेगी मैं? स्टेशन देखाच नहीं तो."

 मग मॅडमनी करारावर पीटरची सही दोन्ही पानांवर हवी, एवढं सांगितलं आणि फोन ठेवला. चांगदेवराव मेथीची जुडी घेऊन आले, सगळं ऐकलं, आणि ओट्यावर बसले. "आगं, काय बोललीस हे!"

"जे हाय तेच. तुमचीच शिकवन."

पुढचे बारा दिवस त्यांच्या घरातून दुधाची आरोळीही आली नाही. तेराव्या दिवशी कुरियर आला. दोन पासपोर्ट. चांगदेवरावांनी चष्मा लावला, पानं उलटली, एका पानावर थांबले. हात नेहमीसारखा वर गेला, तोंड उघडलं, पण आवाज काही येईना. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच डायव्हरची आरोळी चुकली. तेव्हा राजश्रीताईंनी त्यांच्या खांद्यावरून पानात पाहिलं, आपला हात वर केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "व्हिसा हिरवा!"

मग चांगदेवरावांनी ते परत म्हटलं. रीत आहे.

परवा दुपारी मला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागं एक चिमुकलं स्टेशन. एक बाक, एक पाण्याचा नळ, आणि फलाटाच्या पलीकडे गळ्यात घंटा बांधलेली गाय, जी चांगदेवरावांकडं संशयानं बघत होती.

"कुठं आहात?" मी विचारलं.

"काय म्हाईत!" राजश्रीताई म्हणाल्या. आनंदानं त्यांचा चेहरा फोनमध्ये मावत नव्हता. "पाटी वाचताच येईना. म्हनून तर उतरलो. त्या झाडावर घरटी हायेत बघा. आपल्यासारखी न्हाईत, पण हायेत."

तेवढ्यात त्यांना सोडून लाल गाडी निघाली. चांगदेवराव फलाटाच्या कडेला ताठ उभे राहिले आणि त्यांनी जाणाऱ्या डायव्हरला हात उंचावून 'सगळं ठीक'ची खूण केली. इंजिनातून शिट्टीचा एक छोटासा आवाज आला. चांगदेवराव आमच्याकडं वळले, तेव्हा त्यांना चष्मा पुसायचा होता.

"मुक्कामाचं काय?" मी विचारलं.

"ती बघतीय," ते म्हणाले. "त्या वळणावर एका बाईचं हाटेल दिसतंय. न्हाईच जमलं तर सहा चाळीसची शेवटची गाडी हाय, हेडक्वार्टरला परत."

"सहा चाळीसची सोडायची हाय," पलीकडून राजश्रीताईंचा आवाज आला.

चांगदेवरावांनी एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा झाडाकडं, आणि हात उंचावला.

"सहा चाळीसची सोडायची हाय!"